'इन' म्हणजे आत? मग अंगठीचं काय?

एकच चित्र मला गेल्या आठवड्यात तीन ग्रुपवर आलं. पिवळ्या पाटीवर ५ ओळी: 'इन म्हणजे आत, ऑन म्हणजे वर, ॲट म्हणजे -ला. मोठ्या गावाला इन, छोट्याला ॲट. ऑन द बस चूक, आपण टपावर बसतो का? इन फ्रंट ऑफ आणि ऑपोझिट एकच. द लावा, नका लावू, फरक पडत नाही.' मी संध्याकाळी इंग्रजीचे क्लास घेतो. हे चित्र पाठ केलेली मुलं शेवटी माझ्याच पुढ्यात येऊन बसतात, म्हणून एकेक ओळ बघू.

पहिली ओळ सगळ्यांत जास्त नुकसान करते. आपण अंगठी बोटात घालतो, चप्पल पायात, घड्याळ हातात. चित्राच्या हिशेबाने या सगळ्यांना 'इन' लागायला हवं. पण 'रिंग इन माय फिंगर' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, अंगठी मांसात रुतली. इंग्रजीत ती 'ऑन माय फिंगर' असते. (खरं बघायला गेलं तर अंगठी बोटात नसतेच, बोट अंगठीत असतं. पण आपल्याला त्याचं कधी काही वाटलं नाही.)

'ऑन'चा वर-खाली याच्याशी संबंध कमी, टेकण्या-चिकटण्याशी जास्त. भिंतीवरची पाल, भिंतीला लावलेलं घड्याळ, छताला उलटा चिकटलेला कोळी, तिघांनाही 'ऑन'च. आता झाड घ्या. झाडाला आंबे लागलेत, तर 'मँगोज ऑन द ट्री'. झाडावर चिमणी बसली आहे, तर बहुतेक वेळा 'अ स्पॅरो इन द ट्री', कारण ती फांद्या-पानांच्या पसाऱ्यात आहे. म्हणजे जिथे मराठीत '-वर' तिथे 'इन', आणि जिथे '-ला' तिथे 'ऑन'. चित्र बरोबर उलटं पडलं. कधीकधी दोन्ही भाषा जुळतातही. खोलीच्या कोपऱ्यात खुर्ची असते, रस्त्याच्या कोपऱ्यावर पानटपरी. खुर्ची 'इन द कॉर्नर', टपरी 'ऑन द कॉर्नर' किंवा 'ॲट द कॉर्नर'. आतला कोपरा आणि बाहेरचा कोपरा वेगळे, हे आपल्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

मोठं गाव, छोटं गाव हा नियम हवेतून आलेला नाही. रेन आणि मार्टिन यांच्या शालेय व्याकरणात तो आहे, पण तिथे छोट्या गावांना 'ॲट' 'जास्त करून' लागतो, असं सावधपणे म्हटलंय. चित्रात येईपर्यंत ते 'जास्त करून' गळून गेलं. आज खेड्यात राहणारा माणूसही 'इन अ व्हिलेज'च राहतो. आणि कल्याण काही छोटं नाही, तरी गाडी बदलली की 'वुई चेंज्ड ट्रेन्स ॲट कल्याण'. तिथे कल्याण म्हणजे शहर नसतं, प्रवासातला एक ठिपका असतो. जागा किती मोठी, हे 'ॲट' विचारतच नाही.

दवाखान्याचंही तसंच. माझ्या एका विद्यार्थ्याने साहेबांना मेसेज टाकला: 'आय ॲम इन हॉस्पिटल'. तो वडिलांचा रिपोर्ट घ्यायला गेला होता. तासाभरात ऑफिसातून चार जणांचे फोन, एक तर रक्त द्यायला निघालेला. ब्रिटिश इंग्रजीत 'इन हॉस्पिटल' म्हणजे रुग्ण म्हणून भरती. अमेरिकन तिथे 'इन द हॉस्पिटल' म्हणतात. कामापुरतं गेलेला माणूस दोघांकडेही 'ॲट द हॉस्पिटल'. मराठीत 'दवाखान्यात आहे' दोन्हीला चालतं, म्हणून तर आपण लगेच विचारतो, 'का रे, काय झालं?'

बसची ओळ वाचून मात्र हसू आलं. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं त्याला साधारणपणे 'ऑन': बस, ट्रेन, विमान, जहाज. कार, टॅक्सी, रिक्षा यांना 'इन'. 'इन द बस' अगदीच चूक नाही. आत उकडतंय, असं सांगायचं असेल तर चालतं. पण 'ऑन द बस'ला चूक म्हणणाऱ्याने एकदा कोकणात जावं. तिथे माणूस होडीत बसतो आणि बोटीवर नोकरी करतो. बोटीवर म्हणजे टपावर का? इंग्रजीही छोट्या होडीला 'इन अ बोट' आणि जहाजाला 'ऑन अ शिप'च म्हणते.

'समोर'ने मात्र आपण खरंच फसतो. बँक रस्त्याच्या पलीकडे, तोंडाला तोंड करून असेल, तर दुकान 'ऑपोझिट द बँक'. बँकेच्या दारापुढे, रस्ता न ओलांडता गाडी लावली, तर ती 'इन फ्रंट ऑफ द बँक'. आपल्या पत्त्यांत 'ऑप.' लिहितात ते याचसाठी. चित्र बनवणाऱ्याने स्वतःच्या सोसायटीची पाटी वाचली असती तरी पुरे होतं.

राहिला 'द'. 'इन द फ्रंट ऑफ द कार' म्हणजे गाडीत, पुढच्या सीटवर. 'इन फ्रंट ऑफ द कार' म्हणजे गाडीच्या पुढे, रस्त्यात. एका मुलाने निबंधात लिहिलं होतं, 'माय ग्रँडमदर ऑलवेज सिट्स इन फ्रंट ऑफ द कार.' आजींना मी आधी उचलून गाडीत बसवलं, मग पुढचा निबंध तपासला.