निवडणुकीच्या दिवसांतलं वाचकाचं पथ्यपाणी

निवडणूक जाहीर झाली की पेपर उघडण्याआधी डोक्यातलं गणित बंद करायचं. गोव्यात मतदारसंघ ४०, एकेकात मतदार तीस हजारांच्या आतबाहेर. तरी डिचोलीतल्या कोपरा बैठकीला दहा हजारांचा जनसागर लोटला असं छापून आलं तर मान डोलवावी. कोपऱ्यात सागर मावतो कसा, ही चौकशी आपली नव्हे.

दुसरं पथ्य कडक आहे: एका दिवशी तीन पेपर घ्यायचे नाहीत. गेल्या खेपेला मी हा आगाऊपणा केला. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला म्हणून उंडे आणायला बाहेर पडलो आणि तिठ्यावरून तिन्ही पेपर उचलून आणले. मतदारसंघ एकच, उमेदवार मात्र तीन. तिघांनाही महिलांनी ओवाळलेलं, तिघांचीही लाट. आणि तिन्ही बातम्यांत 'उस्फुर्त प्रतिसाद', चुकीसकट. बायको चहा गाळता गाळता म्हणाली, "आचारी एकच दिसतो, ताटं तेवढी वेगळी."

असल्या वेळी 'पेड न्यूज', म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, असं काहीबाही तोंडातून काढू नये. धंद्यात त्याला 'पॅकेज' म्हणतात. ऐकायलाही बरं वाटतं. कायद्याची तर मुळीच भीती घालू नका. उत्तर प्रदेशातल्या आमदार उमलेश यादव यांना निवडणूक आयोगाने २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं होतं खरं, पण बातमी विकत घेतली म्हणून नव्हे, तिचा खर्च हिशेबात दाखवला नाही म्हणून! गोव्यातल्या उमेदवाराला २०२२ मध्ये खर्चाची मर्यादा होती २८ लाखांची. मांडव, गाड्या, कार्यकर्त्यांची जेवणं त्यात बसवता बसवता बिचाऱ्याची दमछाक. वर लाटेचंही बिल लावायचं? आणि छापणाऱ्याचं काय, म्हणाल तर पेपरांवर लक्ष ठेवणारी प्रेस कौन्सिल आहे ना. १९७८ च्या कायद्याने ती ताकीद देते, कानउघाडणी करते, दंड मात्र एक पैशाचा करू शकत नाही. कानउघाडणीवर जीएसटीही लागत नाही.

निकालानंतर पडलेल्या दोघांच्या लाटा कुठे ओसरल्या, ते शोधत बसू नका. पॅकेज मतदानापर्यंतचंच असतं. त्यापेक्षा जिंकलेल्याच्या अभिनंदनाचं पान निवांत बघा. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'जाहिरात' असं प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं. खाली आभार मानलेले असतात, मतदारांच्या 'उस्फुर्त' प्रतिसादाबद्दल.