गुडघा कुठे आहे हे कॅमेऱ्याला कळत नाही

"कपड्यांसकट उभं करा, डेप्थ कॅमेरा (समोरच्या प्रत्येक बिंदूचं अंतर मोजणारा) सेकंदात सगळी मापं देतो" हे पादचारी सुरक्षेसाठी माणसांची मापं घेण्यावरच्या एका लेखातलं म्हणणं फार तर उंचीपुरतं खरं. तेही घट्ट टोपी घातली तरच, कारण काळे दाट केस कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड (डोळ्याला न दिसणारा) प्रकाश शोषतात आणि स्कॅनमध्ये टाळूच्या जागी भोकं पडतात. पादचारी सुरक्षेत खरं मोल गुडघ्याच्या नि खुब्याच्या उंचीला. बंपर आणि बॉनेटची कड साधारण तिथेच आदळते. साडी किंवा सैल पायजम्याखाली दोन्ही गायब! सॉफ्टवेअर मग सांधे अंदाजाने बसवतं, खुबा तर हमखास सरकतो.

हाडाचा उंचवटा बोटाने चाचपून तिथे रंगीत चित्रात उठून दिसेल असा स्टिकर लावा (चकचकीत नको, अंतर चुकतं), मग स्कॅन. किनेक्ट व्ही-२ (मायक्रोसॉफ्टचा डेप्थ कॅमेरा) असेल तर आधी वीसेक मिनिटं चालू ठेवा. गार सेन्सरचं माप काही मिलिमीटरने सरकत राहतं.