विळ्याच्या आधी वही

पाऊस सरला, दसरा झाला की तरुण मंडळांच्या श्रमदानाच्या पोस्ट दिसायला लागतात. हल्ली त्यात तळी आणि किल्ल्यांबरोबर जुन्या स्मशानभूम्याही असतात. मनापासून बरं वाटतं. एरवी आपण मातीला नाहीतर रक्षाविसर्जनालाच जिथे पाय ठेवतो, तिथे सुट्टीच्या सकाळी पोरं कोयते घेऊन घाणेरी तोडताहेत, ही लहान गोष्ट नाही. मीही या कामात असतो, म्हणून एक गोष्ट ठासून सांगतो. विळा, पहार आणि पाण्याचा पाइप आत नेण्याआधी वही आणि कॅमेरा आत न्या. आधी नोंद, मग साफसफाई, आणि दुरुस्ती सगळ्यात शेवटी.

आमच्या बेळगाव भागातलंच बघा. इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या राणी चन्नम्मा १८२९ साली बैलहोंगलच्या कैदेत वारल्या. त्यांची समाधी तिथे आहे. त्यांच्या लढ्यातल्या संगोळ्ळी रायण्णांना १८३१ साली नंदगडला फाशी दिलं. त्यांची समाधी नंदगडला आहे. लोक आवर्जून जातात, हार घालतात. ही नावं कोणी विसरेल अशी भीती नाही. पण त्याच मातीत गेलेल्या बाकीच्या माणसांचं काय? जन्माची नोंद कधी झालीच नाही, झाली असली तर दप्तर वाळवीने खाल्लेलं. अशा माणसाचं नाव कुठे उरलं असेल तर एखाद्या कलत्या दगडावर. तो दगड घासताना अक्षर गेलं, की त्या माणसाचा शेवटचा पुरावा आपल्याच हातांनी गेला.

बेळगावात तर हे दगड किती प्रकारचे! १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, पुढे छावणी वसली, आणि परमुलखातून आलेल्या सैनिकांना, त्यांच्या बायकापोरांना इथेच पुरलं गेलं. अशा जुन्या थडग्यांवरची वयं वाचताना पोटात तुटतं. काही महिन्यांची बाळं, विशी-बाविशीच्या आया. पटकी आणि तापाने गोरा-काळा बघितला नाही. कॅम्पातच आदिलशाहीतल्या असदखानाचा दर्गा आहे, तिथे हिंदूही डोकं टेकवतात. गावागावांत लिंगायतांच्या रुद्रभूमी, गोसावी-जंगमांच्या समाध्या, मुसलमानांची कब्रस्तानं, खानापूरकडे ख्रिस्ती वाड्यांची क्रूस लावलेली थडगी. एकाच तालुक्यात फिरलं तरी कन्नड, मराठी, उर्दू, इंग्रजी अशी सगळी अक्षरं समोर येतात. ती सगळी वाचणारा एक माणूस मला अजून भेटलेला नाही.

म्हणून हे काम एका गल्लीच्या, एका जातीच्या मंडळाने होत नाही. आमच्याबरोबर कन्नड शाळेतले एक निवृत्त गुरुजी येतात, मुसलमान जमातीतले एक चाचा येतात. एकदा शेतातून जाणाऱ्या आजोबांनी बांधावरूनच हाक मारली, "काय हुडकालायसा रे पोरानो मसणात?" नावं हुडकालोय म्हटल्यावर ते आत आले आणि कुठल्या समाधीवर कोणाचे लोक पूर्वी दिवा लावायचे, ते एकेक दाखवत गेले. दगडावर अक्षर नसलं तरी अशा माणसांच्या तोंडी नाव असतं. तेही त्याच वहीत, सांगणाऱ्याच्या गावासकट लिहून घ्या.

सीमाप्रश्नावर माझं मत बदललेलं नाही. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांसाठी मी बेळगावच्या हुतात्मा चौकात जातो आणि जात राहीन. तरीही कन्नड अक्षरांचा दगड आहे म्हणून वगळा, असं जेव्हा एखादा पोरगा म्हणतो तेव्हा मी त्याला तिथल्या तिथे थांबवतो. ज्याच्या कन्नड पाटीवरून आपण भांडतो ते सरकार जिवंत आहे. त्याचा राग या दगडावर काढायचा नाही.

आता हाताच्या कामाबद्दल. तारेचा ब्रश, फरशीचं ॲसिड, प्रेशरचं पाणी, ऑइल पेंट या चार गोष्टी गेटाबाहेर ठेवा. शेवाळ काढायला साधं पाणी, मऊ ब्रश आणि बांबूची काडी पुरते. दगड आधी भिजू द्यायचा, मग खालून वर हलक्या हाताने. पापुद्रे सुटत असतील तर हातच लावायचा नाही. पुसट अक्षरांवर खडू किंवा पीठ चोळू नका. सकाळी लवकर नाहीतर उन्हं कलल्यावर जा. तिरप्या उजेडात अक्षरं आपोआप उठून दिसतात. ऊन नसेल तर बाजूने बॅटरी धरा. सांध्यांत पिंपळ उगवला असेल तर तो उपटायचा नाही, मुळांबरोबर अख्खी भिंत येते. रोप कापायचं आणि फुटवा आला की पुन्हा कापायचं.

आणि सिमेंट. सगळ्यात जास्त नुकसान याच हौसेने होतं. आपल्याकडचा जांभा पाणी पितो आणि सोडतो. चुन्याने भरलेले सांधे त्या ओलीला वाट देतात, सिमेंट देत नाही. मग खानापूरसारख्या पावसात ओल दगडातच कोंडते आणि सिमेंट शाबूत राहून शेजारचा जांभा भुगा होतो. चुन्याचं काम जाणणारा गवंडी मिळेपर्यंत ढासळलेला भाग तसाच राहू दे. निघालेले दगड जागेवरच नीट रचून त्यांचा फोटो घ्या.

वीरगळांचं, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारक-दगडांचंही तेच, आधी नोंद. हळशी-खानापूर भाग गोव्याच्या कदंबांच्या राज्यातला, तिकडे सौंदत्तीला रट्टांची सत्ता. वीरगळाच्या खालच्या चौकटीत लढाई, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. सतीच्या दगडावर बांगड्या भरलेला हात. कुठे यांची पायरी झालेली असते, कुठे धुणं धुतात, कुठे शेंदूर फासून मारुती केलेला असतो. पूजा चालू असेल तर शेंदूर खरवडायला जाऊ नका, गाव दुखावतं. पण रस्त्याच्या कामात जेसीबीखाली जाणारा वीरगळ आधी पंचांना दाखवा आणि देवळाच्या आवारात उभा करायला सांगा. हलवण्यापूर्वी तो कुठे होता ते लिहून ठेवा. जागा हरवली की दगडाचं अर्धं सांगणं जातं.

शेवटची गोष्ट रुक्ष आहे, पण तिच्यावाचून बाकी सगळं फुकट. त्या जागेचा उतारा काढा आणि भूमापन खात्याकडे मोजणी मागा. हद्द पक्की नसेल तर निपाणी-चिकोडीकडे आज साफ केलेली स्मशानभूमी उद्या कोणाच्या तरी उसात जाईल. चर्च, जमात, मठ, पंचायत, ज्यांची जागा त्यांची परवानगी लेखी घ्या.

उर्दू-फारसी, हळेगन्नड (जुनी कन्नड) किंवा जुन्या दप्तरातली मोडी वाचणारं कोणी ओळखीत असेल तर कृपया कळवा. कोयता चालवणारे हात आहेत. वाचणारे डोळे कमी पडताहेत.