अग्नि-अश्व वर्ष आणि आत्याचा फोन

परवा रात्री पावणेअकराला आत्याचा फोन आला. एवढ्या उशिरा ती कधी करत नाही. तिच्या लेकीला सातवा महिना चालू आहे आणि सासरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. जेवताना सासूबाईंनी तो मोठ्याने वाचून दाखवला, मोबाईल पालथा ठेवला आणि म्हणाल्या, "बघू आता, देवाच्या मनात काय आहे." पोरगी अर्ध्या ताटावरून उठली.

मेसेज मीही वाचला. थोडक्यात असा: १७ फेब्रुवारी २०२६ पासून चिन्यांचं 'अग्नि-अश्व' वर्ष लागतंय, चार हजार वर्षांचं चिनी शास्त्र सांगतं की या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला खाते आणि माहेर बुडवते, म्हणून चिनी लोक या वर्षी मूल होऊ देत नाहीत. पुढे वर्ष सरताना गावात शिरणारा आणि आवाजाला घाबरून पळणारा निआन राक्षस, झाडू, पैशाचा मंत्र म्हणून दारावर लावायचं उलटं अक्षर आणि शेवटी लाल धाग्याचं ब्रेसलेट, किंमत अकराशे रुपये.

आधी मुलीचंच बोलते, कारण बाकी सगळं त्यापुढे किरकोळ आहे.

ही समजूत चिनी नाहीच, जपानी आहे. वर्षं मोजायची पद्धत चीनकडून जपानला गेली, एवढं खरं. दहा 'खोडं' आणि बारा 'फांद्या' अशा चिन्हांच्या दोन माळांच्या जोड्या लावत गेलं की साठ वर्षांनी तीच जोडी परत येते. फांद्यांना बारा प्राणी, खोडांना पाच तत्त्वं. अग्नी आणि घोडा १९०६ ला एकत्र आले, १९६६ ला आले आणि आता येतायत. त्यात मुलीला गोवलं ते जपानात. ओशिची नावाची एदोतल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, भाजीवाल्याची पोर. आगीत घर गेलं, कुटुंबाने देवळात आसरा घेतला, तिथल्या एका मुलावर तिचा जीव जडला. पुन्हा भेट व्हावी म्हणून तिने आग लावली, असं सांगतात. १६८३ मध्ये तिला जाळून मारलं. ती १६६६ ची, अग्नि-अश्व वर्षाची, असं लोक म्हणत राहिले आणि एका पोरीच्या गोष्टीवरून त्या वर्षाच्या सगळ्या पोरींवर ठपका बसला.

आता आकडे बघा. जपानात १९६५ मध्ये सुमारे १८ लाख २० हजार मुलं जन्मली. १९६६ मध्ये १३ लाख ६० हजार. १९६७ मध्ये पुन्हा १९ लाखांच्या वर. एका वर्षात चौथा हिस्सा जन्म गायब! ते ग्रहांनी केलं नाही, अशाच बोलण्याला घाबरलेल्या आईबापांनी केलं. १९०६ मध्ये तर कित्येकांनी मुलीची जन्मतारीख मागेपुढे करून नोंदवली, पुढे लग्न अडू नये म्हणून.

हे आपल्याला नवं आहे का? मूळ नक्षत्राची मुलगी सासऱ्याला वाईट, आश्लेषाची सासूला, हे ऐकतच आपण मोठ्या झालो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, बीडमध्ये ८०७. ज्या राज्यात मुलगी नको म्हणायला आधीच इतकी निमित्तं आहेत, तिथे जपानहून आणखी एक आयात करून गरोदर बाईच्या पानासमोर वाचायचं? मला याचा खरंच संताप येतो.

मेसेजमध्ये एक अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करते. या जोडीचं वर्ष आणि त्याच्या पुढचं वर्ष अशांततेचं, असा समज चीनमध्ये जुना आहे. तेराव्या शतकात सोंग राजवटीतल्या एका विद्वानाने अशा वर्षांतल्या आपत्तींची यादीच करून सम्राटाला दिली होती. पण ती काळजी राज्याची होती, बंडांची आणि युद्धांची. कुणाच्या लेकीची नव्हे.

आणि साठाचं चक्र आपल्याकडेही आहेच की. प्रभव ते क्षय, साठ संवत्सरं. २०२६ च्या १९ मार्चच्या पाडव्याला लागतंय त्याचं नाव 'पराभव'. याआधीचं पराभव संवत्सरही १९६६ च्याच पाडव्याला लागलं होतं. म्हणून कुणी गुढी उभारायची थांबलं नाही. आमची माई मावशी त्याच वर्षीची, श्रावणातली. तिचे यजमान चौऱ्याहत्तरीत रोज सकाळी आमराईला दोन फेऱ्या मारतात.

'चिनी वर्षाची तारीख दरवर्षी सरकते, म्हणून ते अशास्त्रीय', असंही एक वाक्य आहे. लिहिणाऱ्याने स्वतःचं पंचांग उघडलेलं नाही. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत पडत नाही तो आपला अधिक महिना. चिनी नियम जवळजवळ हाच. फक्त ते सूर्याची स्थाने संपातापासून, म्हणजे दिवस-रात्र समान असतात त्या बिंदूपासून, मोजतात, आपण ताऱ्यांपासून, म्हणून त्यांचा अधिक महिना २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आला आणि आपला अधिक ज्येष्ठ २०२६ च्या १७ मे पासून.

'चिनी लोक नववर्षात घर झाडत नाहीत, म्हणून रोगराई'. हे वाचून तर कपाळावर हात मारला. वर्ष संपायच्या आधी आठवडाभर ते घर कोपऱ्याकोपऱ्यातून झाडून काढतात. चिनीत 'धूळ' आणि 'जुनं' या शब्दांचा उच्चार एकच, त्यामुळे जुनं बाहेर काढल्यासारखं होतं. मग पहिल्या दिवशी झाडू बाजूला, आलेलं भाग्य केराबरोबर जाऊ नये म्हणून. दिवेलागणीनंतर केर काढला की आजी ओरडायची, ते याहून काय वेगळं होतं?

निआन राक्षसाची गोष्ट मुलांना सांगायला छान आहे, पण जुन्या ग्रंथांत ती सापडत नाही. सहाव्या शतकातल्या नोंदीत लोक अंगणात बांबू जाळून त्याच्या आवाजाने डोंगरातली भुतं पळवतात. फटाक्याला चिनीत अजून 'फुटणारा बांबू'च म्हणतात. उलट्या अक्षराचं म्हणाल तर 'उलटं' आणि 'आलं' हे उच्चार सारखे, म्हणून भाग्याचं अक्षर उलटं. पैशाचा मंत्र नाही तो.

ब्रेसलेटचं मूळ खरं आहे. आपल्या जन्मवर्षाच्या प्राण्याचं वर्ष परत आलं की चिनी माणूस लाल पट्टा, लाल मोजे घालतो. पण मेसेज म्हणतो '१९९० मध्ये जन्मलेले सगळे घोडे'. त्या वर्षी घोडा लागला २७ जानेवारीला. आधीचे सगळे साप. अकराशे रुपये मागणाऱ्याला एवढंही माहीत नाही.

आत्या, हे जसंच्या तसं सासूबाईंना पाठव. रविवारी डोहाळजेवणाला मी येतेय, हिरवी साडी घेऊन. तिथे कुणी विषय काढलाच तर मला बोलव, जपानचे आकडे तोंडपाठ झालेत.