त्या पावणेदोन तासांबद्दल: दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार सर,

काल रात्री शटर ओढून घरी गेलो आणि जेवायच्या आधी तुमचा अभिप्राय वाचला. "एका वायरसाठी दोन तास बसवून ठेवलं, साडेचारशे घेतले, सिरीजची वायर मागितली तर करून दिली नाही, वर गिऱ्हाईकावर ओरडतात, आणि चौथ्या दिवशी बॅटरी फुगली." एक स्टार. तुम्हाला मनस्ताप झाला आणि मुलाची रिमोटवरची गाडी ऐन सुट्टीत बंद पडली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण सर, ते दोन तासांचं वाक्य मला फार लागलं. तुम्ही साडेअकराला आलात आणि बिलावर वेळ १:१५ आहे. म्हणजे पावणेदोन तास. मधली वीस मिनिटं लाईट नव्हती, नवी पेठेत त्या दिवशी सगळ्यांचीच गेली होती. दोन बॅटऱ्या एकत्र जोडायची ती वायर तर वीस-पंचवीस मिनिटांतच तयार होती, तुमच्यासमोरच सोल्डरचे डाग दिले. उरलेला वेळ तुमचा नवा पॅक, म्हणजे नवी बॅटरी, चार्जरवर होता.

तो का लावावा लागला, ते तेव्हा सांगितलं होतं, आज परत सांगतो. तुमच्या घरचा जुना पॅक तुम्ही पूर्ण चार्ज करून आणला होता. मी मीटर लावला, ८.३७ व्होल्ट. आमच्याकडचा नवा पॅक शेल्फवर ठेवतात तसा अर्धा भरलेला होता, ७.६२ व्होल्ट. दोन्ही २एस (आत एकापुढे एक दोन सेल), दोन्ही ५००० एमएएच क्षमतेचे, म्हणून पॅरलल, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडून, चालतं. पण फरक पाऊण व्होल्टचा. ऐकायला किरकोळ वाटतो. या लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीचा आतला रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, इतका कमी असतो की दोन्ही पॅक आणि वायर मिळून जेमतेम वीस-पंचवीस मिलिओहम भरतात. भागाकार केला तर जोडल्या क्षणी भरलेल्या पॅकमधून अर्ध्या पॅकमध्ये तीस अँपिअरच्या वर करंट घुसतो. तोच पॅक चार्जरवर आपण पाच अँपिअरने भरतो. मध्ये चार्जर नाही, बॅलन्स नाही, थांबवणारं काहीच नाही. म्हणून आधी दोन्ही एका पातळीवर आणायचे, मगच जोडायचे. दहा अँपिअर लावून लवकर उरकता आलं असतं, पण कोऱ्या पॅकवर पहिल्याच दिवशी ते मी करत नाही, कुणाच्याच.

ओरडलो, हे खरं आहे. मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला मोटर दाखवत होतो. वळून बघतो तर तुम्ही चार्जरवरचा पॅक काढून "असंच लावून बघतो" म्हणत कनेक्टर भिडवत होता. तुमचा मुलगा काउंटरवर हनुवटी टेकून उभा होता. माझ्या तोंडून "थांबा" निघालं, मोठ्याने निघालं. आवाज चढला याबद्दल क्षमा असावी. थांबवल्याबद्दल मात्र क्षमा मागता येत नाही.

साडेचारशेत तीन एक्सटी-६० कनेक्टर, बारा नंबरची सिलिकॉन वायर, सहा डाग आणि मजुरी आली. स्वस्त वायर आहे माझ्याकडे, पण गाडीत ती तापते.

सिरीजची वायर दिली नाही, तेही जाणूनबुजून. तुमच्या ईएससीवर (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) २एस-३एस लिहिलंय. दोन २एस सिरीजमध्ये, एकापुढे एक जोडले, म्हणजे ४एस, फुल चार्जला १६.८ व्होल्ट. ३एसची हद्द १२.६ ला संपते. पहिल्याच थ्रॉटलला ईएससीतून धूर निघाला असता. आणि समजा ईएससी मोठा असता, तरी दोन वर्षं वापरलेला पॅक कोऱ्या पॅकबरोबर सिरीजमध्ये लावू नये. जुना आधी रिकामा होतो आणि ईएससीला फक्त बेरीज दिसते. नवा ७.४ वर, जुना ५.४ वर, बेरीज १२.८. ईएससी म्हणतो सगळं ठीक, सेलमागे ३.२ आहे. तिकडे जुन्याचा सेल २.७ वर गेलेला असतो, म्हणजे मेला.

आता फुगण्याचं. हे चारचौघांत लिहायचं नव्हतं, पण तुम्ही "खराब माल" लिहिलंय म्हणून लिहितो. फोनवर तुम्हीच म्हणालात की रात्री एकच पॅक चार्ज केला, दुसरा तसाच होता, सकाळी जोडताना ठिणगी उडाली. बंद पडेपर्यंत पळवलेला पॅक साधारण सात व्होल्टवर थांबतो. त्याला ८.४ चा जोडला म्हणजे पन्नास अँपिअरच्या वर. तुम्ही पाठवलेल्या फोटोत फुगलेला पॅक जुना आहे, आमच्या दुकानाचा स्टिकर त्यावर नाही. आमचा पॅक शाबूत आहे.

माझी चूक एकच, आणि ती मी मानतो. "दर वेळी दोन्ही पूर्ण चार्ज करा, मीटरने बघा, मगच जोडा" हे मी तोंडी सांगितलं, लिहून दिलं नाही. गर्दीत, मुलगा हात ओढत असताना ते लक्षात राहणार नाही, हे मला कळायला हवं होतं. यापुढे वायरबरोबर मराठीत चिठ्ठी देणार आहे. बसायच्या जागेचंही काहीतरी करतो.

वडील याच गाळ्यात रेडिओ-टेप दुरुस्त करायचे. आता कॉलेजची मुलं आणि बार्शी-पंढरपूरचे चार शौकीन यांच्यावर दुकान चालतं. तुमचा अभिप्राय वाचून आज सकाळीच बार्शीच्या एकाने ऑर्डर थांबवली. म्हणून एवढं सविस्तर लिहिलं, राग मानू नका.

एक विनंती मात्र आजच ऐका. तो फुगलेला पॅक दाबू नका, टोचू नका, "बघू घेतो का" म्हणून चार्जला लावू नका. या उन्हात गाडीच्या डिकीत तर अजिबात नको. पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेवा, डबा घराबाहेर सावलीत, झाकण घट्ट न लावता. मग इकडे घेऊन या, पुढचं मी बघतो, पैसे नको. आमचा पॅक आणि ती वायरही आणा, तुमच्यासमोर एकेक सेल मापून दाखवतो. त्यात दोष निघाला तर नवा पॅक देईन.

सोमवारी बंद असतं. बाकी दिवशी साडेदहाला मी दुकानात असतो.