कात्री नव्हती म्हणूनच: भाऊंच्या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

‘अलारम्स अँड एक्सकर्शन्स’ या खेळणाऱ्या हौशी मंडळींनीच लिहिलेल्या अमेरिकी नियतकालिकावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “जो लिहील त्याचं छापतात, संपादन काहीच नाही, अशा गठ्ठ्याचा इतिहास कायले लिहायचा? खरी मासिकं म्हणजे ‘ड्रॅगन’ अन् ‘व्हाइट ड्वार्फ’. अन् आपल्या खेड्यात या खेळाचं काम काय?” रोखठोक विचारलंत, बरं केलंत.

पहिला आक्षेप जुनाच आहे. ज्याने डेव्ह अर्नेसनसोबत १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रं वठवत, फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ आणला, त्या गॅरी गायगॅक्सनेच जुलै १९७८ च्या ‘ड्रॅगन’मध्ये असल्या अंकांना तुच्छतेने झोडपलं होतं. स्वतःचं स्वतः छापून घेणारे हौशी, असा एकूण सूर. गंमत अशी, की हाच गृहस्थ १९७५ मध्ये ‘अलारम्स’च्या दुसऱ्याच अंकात पत्र लिहून सांगत होता, नियम ज्याने त्याने आपापल्या परीने लावावेत, मला तेच हवंय. मधल्या तीन वर्षांत झालं काय? त्याची टीएसआर कंपनी नियमांची नवी जाडजूड पुस्तकं बाजारात आणत होती, आणि ‘ड्रॅगन’ही तिचंच. व्यापाऱ्यानेच कापसाची प्रत ठरवायची म्हटल्यावर आणखी काय होणार!

‘अलारम्स’ निघायचा कसा, हे मात्र नीट बघा. ग्यानबाची मेख तिथे आहे. लॉस एंजेलिसच्या विज्ञानकथाप्रेमींचं एक साप्ताहिक संकलन होतं. या खेळाच्या गप्पांनी त्यातली इतकी पानं खाल्ली की बाकीचे वैतागले. मग ली गोल्ड या बाईंनी जून १९७५ मध्ये वेगळा अंक काढला. लिहिणारा आपली पानं आपणच तयार करायचा, बाई ती सगळ्यांची एकत्र लावून टपालात टाकायच्या. प्रत्येकाच्या पानांना त्याने ठेवलेलं नाव, आणि त्यातच मागच्या अंकातल्या एकेकाला नाव घेऊन उत्तरं. एखाद्याने अर्धवट नियम सुचवला की पुढच्या अंकात त्याची हजेरी घ्यायला मंडळी टपलेलीच. जोनाथन ट्वीट अशाच पानांतून लिहीत होता. पुढे २००० साली आलेली खेळाची तिसरी आवृत्ती त्याच्या नेतृत्वाखाली घडली. साठच्या दशकातल्या आपल्या सायक्लोस्टाइल अनियतकालिकांवर तुम्ही जीव टाकता, तर मग इथेच नाक का मुरडता?

‘ड्रॅगन’चा छापील अंक २००७ मध्ये मालक कंपनीने परवाना काढून घेतला आणि बंद पडला. ‘अलारम्स’ २०२५ पर्यंत निघत होता.

राहिलं आपलं खेडं. वाचनालयाच्या ओट्यावर पोट्टे खेळतात. वीस पैलूंचा फासा आमच्या तालुक्यात कुठे मिळायचा? पितळी गडव्यात आकडे टाकलेले वीस चिंचोके आहेत, हात घालायचा आणि एक काढायचा. हसू नका, १९७९ मध्ये फाशांचा तुटवडा पडला तेव्हा टीएसआरनेही खोक्यात आकड्यांचे पुठ्ठ्याचे तुकडेच घातले होते. आमच्या खेळात ड्रॅगन नाही, रानडुकरांचा कळप आहे. जागलीवरच्या माणसाला डोळा लागला तर चिंचोक्यावर कोणता आकडा निघाला की कळप वावरात शिरेल, यावरून वाजलं. एकाने वहीत ऐटीत नियम लिहिला. खाली दुसऱ्याने हिरव्या शाईने खरडलं, “तू कधी जागलीवर गेला का बे?” त्याच्याखाली तिसऱ्याने सुधारलेला नियम, आता तोच चालतो. संपादक म्हणून मी त्या वहीला हात लावलेला नाही, लावणारही नाही.

‘व्हाइट ड्वार्फ’वर लिहितो, शब्द देतो. १९७७ पासूनची पहिली दहाएक वर्षं त्यात दुसऱ्या कंपन्यांच्या खेळांनाही जागा होती, मजा होती. त्यानंतर तो काढणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीच्या स्वतःच्या मालाचा कॅटलॉग झाला. त्या भागाचा इतिहास हवा असेल तर भाऊ, तो तुम्ही लिहा. मी जसाच्या तसा छापतो.