क्योटोची बस आणि माझ्या दोन बॅगा

आज सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे. कंटाळा आला तर खुशाल पुढे सरका.

सायकल पंक्चर, म्हणून कधी नव्हे ते बस स्टॉपवर उभी होते. माझ्यापुढे एक आजी. आमच्याच गल्लीतल्या. नाव माहीत नाही, पण रोज सकाळी दारापुढची पानं झाडताना दिसतात, मान लववण्याइतकी ओळख. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, गळ्यात म्हाताऱ्या माणसांना मिळतो तो बसचा पास. पहिली बस आली ती ठासून भरलेली. मागचं दार उघडलं (इथे मागून चढायचं आणि पुढून उतरताना पैसे टाकायचे, लहानपणी बेस्टमध्ये मागूनच चढलेली असल्यामुळे मला ते पहिल्या दिवसापासून जमलं), तर दारातच एक सुटकेस आडवी, तिच्यावर दुसरी, आणि त्या धरून उभी चार माणसं. आजींनी पाय उचलला, आत बघितलं, पाय खाली घेतला. दुसरी बस, तेच. तिसऱ्या बसच्या ड्रायव्हरने माइकवरून माफी मागितली आणि दार लावून घेतलं. आजी माझ्याकडे वळून हसल्या आणि म्हणाल्या, "आश्ता नि शिमास." उद्यावर टाकते. आणि टुक टुक करत घराकडे परत गेल्या.

डॉक्टरकडे जायचं होतं की बँकेत, मी विचारलं नाही. टॅक्सी बोलावू का, हे सुचलं तेव्हा त्या कोपऱ्यावरून वळल्या होत्या.

ऑफिसला पोचून फोन बघते तर मावसबहिणीचा व्हॉइस मेसेज. शनिवारी येतायत. पाच माणसं, सहा मोठ्या बॅगा. "अगं, आम्ही सगळं बसनेच करणार आहोत. २३० येनमध्ये कुठेही जाता येतं म्हणे!"

म्हणे!

कोण म्हणतं? कुठल्या तरी रीलवाल्याने सांगितलेलं असतं. तो दोन दिवस आला, किंकाकुजीच्या सोनेरी देवळासमोर केस उडवले आणि गेला. चौदा-एक लाख माणसं या शहरात राहतात, त्यांना शाळा असते, दुखणारे गुडघे असतात, संध्याकाळी कोथिंबीर आणायची असते (बरं, कोथिंबीर नाही, पण तुम्हाला कळलं), हे त्याच्या गावीही नसतं. ही सिटी बस आहे हो. पर्यटकांसाठी सोडलेली टॉय ट्रेन नाही.

आता खरं सांगायची वेळ आली. नऊ वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, मेपलच्या ऐन मोसमात मी इथे आले तेव्हा स्टेशनवरून दोन बॅगा घेऊन बसमध्येच चढले होते. एकीत कपडे. दुसरीत कुकर, भाजणी, मेतकूट आणि तीन टॉवेलांत गुंडाळलेली लोणच्याची बरणी. बस भरलेली. इथले ड्रायव्हर सिग्नलला इंजिन बंद करतात. त्यामुळे पन्नास-साठ माणसं असलेल्या बसमध्ये एकदम देवळासारखी शांतता पडते. त्या शांततेनंतर बस निघाली आणि माझी कुकरवाली बॅग चाकांवरून गडगडत गेली ती थेट एका आजोबांच्या गुडघ्यावर. मी मराठीत "अगं बाई" म्हणाले. आजोबा म्हणाले, "सुमिमासेन."

माफी कोण मागतंय बघा.

पुढे त्यांचा स्टॉप आला. बटण दाबलेलं, पुढचं दार उघडलेलं, पण मधे मी आणि माझा संसार. मी बॅग इकडे ओढतेय, तिकडे ढकलतेय, तोवर दार लागलं. ओरडून बस थांबवतील तर ते इथले आजोबा कसले. माझ्याबरोबर पुढच्या स्टॉपला उतरले. आणि तिथे माझ्या हातात दहा हजारांची नोट! भाड्याच्या यंत्राला सुट्टे करायला फक्त एक हजाराची चालते. मागे रांग. ड्रायव्हर शांतपणे काहीतरी समजावतोय, मला ओ की ठो कळत नाही. तेव्हा आजोबांनी छोटं पाकीट काढलं आणि माझे २३० येन टाकले. शंभराची दोन नाणी, दहाची तीन, एकेक करून. मग मान लववून उलट्या दिशेने, त्यांच्या हुकलेल्या स्टॉपकडे चालायला लागले. पिशवीतून लांब पातीचा कांदा बाहेर आला होता, तो हलताना मला बराच वेळ दिसत होता.

ते पैसे अजून माझ्या अंगावर आहेत. तरीही आज मी बोलणार, कारण त्या दिवसानंतर बॅग घेऊन मी इथल्या बसमध्ये चढलेले नाही.

आणि चढायची गरज काय आहे? फुशिमी इनारीच्या देवळाला बसने जाणाऱ्याला तर मी कोपरापासून हात जोडते. क्योटो स्टेशनवरून जेआरच्या (म्हणजे जपान रेल्वेच्या) नारा लाइनने दुसरं स्टेशन, पाच मिनिटं, बाहेर आलात की समोर तोरी, देवळाची ती लाल कमान. अराशियामाला बसने पाऊण तास लोंबकळायचं, जेआरने पंधरा-सतरा मिनिटांत पोचता. हौस असेल तर शिजो-ओमियाहून रांदेनचा एक-दोन डब्यांचा ट्राम आहे, १९१० पासून चालतोय, मधेच गल्ल्यांतून आणि गाड्यांच्या बरोबरीने रस्त्यावरून जातो. निजो किल्ल्याच्या दारात मेट्रोचं स्टेशन आहे. किंकाकुजीला मेट्रोच्या कारासुमा लाइनने किताओजीपर्यंत जायचं आणि तिथून थोडंसं बसने. कियोमिझुच्या देवळाला केइहान कंपनीच्या ट्रेनने जाऊन वीस-पंचवीस मिनिटं चढ चढायचा. सिंहगड चढणारी माणसं तुम्ही, एवढा चढ झेपत नाही? बॅगा स्टेशनवरच्या लॉकरमध्ये ठेवा नाहीतर हॉटेलवर पाठवून द्या. पैसे घेतात, पण पोचवतात.

मान्य, मेट्रोच्या दोनच लाइनी आहेत आणि पूर्वेच्या डोंगराकडची निम्मी देवळं त्यांच्यापासून लांब आहेत.

इथे येऊन माझा राग तुमच्यावरून शहरावर जातो. जपानातला पहिला विजेचा ट्राम कुठे धावला माहितेय? इथे. १८९५ मध्ये. बिवा तलावाचं पाणी कालव्याने आणून केआगेला वीज केली आणि त्या विजेवर ट्राम. लोकांना एवढं नवल आणि एवढी धास्ती, की "गाडी येतेय, सांभाळा" असं ओरडत गाडीपुढे पळायला पोरं नेमलेली होती. मला तो पळणारा पोरगा फार आवडतो. तर महापालिकेच्या ट्रामचं हे सगळं जाळं १९७८ मध्ये गुंडाळलं. मोटारींना रस्ता हवा होता ना. मेट्रो आली १९८१ मध्ये, दुसरी लाइन थेट १९९७ मध्ये, आणि खणायला गेलं की जुनी राजधानी वर येते, खर्च वाढतो. इथले काही ट्राम तेव्हा हिरोशिमाने घेतले. क्योटोतल्या जागांची नावं मिरवत त्यातले काही अजूनही तिकडे धावतात. हिरोशिमात पहिल्यांदा तो हिरवा ट्राम बघितला तेव्हा माझ्या घशात काहीतरी अडकलं होतं. दादर टीटीतला टी म्हणजे ट्राम, हे आमचे आजोबा ज्या आवाजात सांगायचे, तो आवाज आठवला.

आणि याच शहराने वर्षानुवर्षं ५०० येनला दिवसभराचा बस पास विकला. तो मग ६०० झाला, ७०० झाला, आणि २०२३ मध्ये विक्री बंद. आधी तुम्हीच पाहुण्यांना बसमध्ये कोंबायचं आणि मग बस भरली म्हणून रडायचं! आता सुट्टीच्या दिवशी ५०० येनवाल्या खास एक्स्प्रेस बस सोडतात. ठीक आहे, काहीतरी करतायत.

इथे राहणाऱ्यांना भाडं कमी आणि बाहेरच्यांना जास्त, असं २०२४ मध्ये निवडून आलेल्या महापौर मात्सुईंनी निवडणुकीतच सांगितलं होतं. हे मी एकदा फॅमिली ग्रुपवर टाकलं तर काय गहजब झाला! "हा भेदभाव आहे." अजिंठ्याला आपल्याला ४० रुपये तिकीट आणि जपानी माणसाला ६००, तेव्हा तुमचा भेदभाव कुठे पेंड खात असतो? अर्थात लेणी बघितली नाहीत तर कुणाचं अडत नाही आणि बसचं अडतं, हे मला कळतं. तरीही माझं मत तेच. पाहुण्याने चार पैसे जास्त द्यावेत.

खरी गंमत म्हणजे स्टॉपवर मीही सगळ्यांना पर्यटकच वाटते. मागे एकदा एका बाईंनी मला अगदी सावकाश इंग्रजीत समजावलं की मागून चढायचं. मी पण "थँक्यू" म्हटलं. काय सांगणार?

हे लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. मावसबहिणीचं काय चुकलं? तिला कुणी सांगितलंच नाही. मला तरी कुठे कुणी सांगितलं होतं. पण आजोबांचं काय चुकलं होतं? आणि आज आजींचं?

उद्या सकाळी सायकल दुरुस्त झाली तरी मी स्टॉपवर जाणार आहे, टॅक्सीचं अ‍ॅप उघडं ठेवून. आजी नको म्हणतील. इथे तीनदा नको म्हणायची पद्धत आहे, आपल्यासारखीच. चौथ्यांदा विचारेन.

मावसबहिणीला मघाशी सविस्तर लिहून पाठवलंय. बॅगा हॉटेलवर, इनारीला जेआर, किल्ल्याला मेट्रो, कियोमिझुला बूट घालून चालत, आणि बसमध्ये चढायचंच झालं तर पाच जण हात हलवत आणि खिशात सुट्टे.

निळ्या टिका आल्यात. उत्तर नाही.